रँडम व्हिडिओ चॅटचं अ‍ॅप निवडताना आधी बाहेर पडायचा रस्ता बघा

स्टोअरमध्ये रँडम व्हिडिओ चॅट असं नुसतं टाकलं की अ‍ॅप्सची रांगच लागते, स्क्रोल करत बसा संपतच नाही, आणि सगळ्यांचे आयकॉन सारखे, हसरे चेहरे सारखे, वर्णनातली वाक्यंसुद्धा बऱ्यापैकी सारखीच. मग आपण काय करतो, तर ज्याला जास्त स्टार दिसतील ते घेतो, मागेल त्या सगळ्या परमिशन देऊन टाकतो आणि दहा सेकंदात एका अनोळखी माणसासमोर जाऊन बसतो. मीही पहिल्यांदा असंच केलं होतं. नंतर भाषेचा सराव करायचा म्हणून मी या प्रकारची बरीच अ‍ॅप्स वापरली, काही दोन दिवसांत काढून टाकली, एखाददुसरं टिकलं, आणि त्या सगळ्यात माझी निवडायची पद्धत पार बदलली. आता अ‍ॅपमध्ये काय काय मिळतं ते मी नंतर बघते, आधी बघते की यातून बाहेर कसं पडायचं. समोरचा नको वाटला तर कॉल किती पटकन कापता येतो, त्याची तक्रार करता येते का, पैसे कापले जात असतील तर ते कुठून थांबवायचे आणि अकाउंट खरंच डिलीट होतं का. ही चार दारं ज्या अ‍ॅपची नीट उघडतात ते बाकी गोष्टींतही साधारण ठीक निघतं, हा माझा अनुभव आहे.

पुढे जायच्या आधी एक सांगते, हे सगळं अठरा पूर्ण झालेल्यांसाठी आहे. घरातल्या लहान मुलाच्या फोनवर असं अ‍ॅप सापडलं तर त्यातलं कुठलं चांगलं हा विचारच करू नका, ते काढा आणि मुलाशी शांतपणे बोला, कारण रागावलात तर पुढच्या वेळी काही वाईट घडलं तरी ते पोर तुम्हाला सांगायला येणार नाही.

ओमेगल का बंद पडलं ते माहीत असू द्या

या प्रकाराची सुरुवात २००९ ची. मार्चमध्ये लीफ के-ब्रुक्स नावाच्या अठरा वर्षांच्या अमेरिकन मुलाने ओमेगल ही अनोळखी लोकांना एकमेकांशी जोडणारी साइट काढली, तेव्हा तिथे फक्त टाइप करून बोलता यायचं, व्हिडिओ पुढच्या वर्षी आला. २००९ च्याच नोव्हेंबरमध्ये मॉस्कोच्या आंद्रेई तेर्नोव्स्कीने, तो तर सतराच वर्षांचा होता, चॅटरूलेट सुरू केलं आणि बटण दाबलं की नवा चेहरा ही आयडिया काही महिन्यांत जगभर पसरली. आज फोनवर जे मिळतं, मग अझर घ्या, ओमेटीव्ही घ्या नाहीतर कॅमसर्फ घ्या, मूळ कल्पना तीच आहे, वरचं रंगकाम वेगळं.

ओमेगल ८ नोव्हेंबर २०२३ ला बंद झालं. त्याच्याआधी २०२१ मध्ये अमेरिकेत त्यांच्यावर एक केस दाखल झाली होती, एक मुलगी अकरा वर्षांची असताना या साइटने तिला एका मोठ्या माणसाशी जोडून दिलं आणि त्याने पुढे तिचं शोषण केलं. कोर्टात मुद्दा असा मांडला गेला की दोष फक्त त्या माणसाचा नाही, लहान मुलं आणि मोठी माणसं एकाच ढिगातून उचलून समोरासमोर बसवण्याचं काम साइटच करत होती, म्हणजे तिची रचनाच धोकादायक आहे. २०२२ मध्ये कोर्टाने या मुद्द्यावर केस पुढे चालू दिली, शेवटी तडजोड झाली आणि साइटला टाळं लागलं.

हे मी मुद्दाम इतकं सविस्तर सांगितलं, कारण अ‍ॅप निवडताना आपण फिल्टर, इफेक्ट, व्हिडिओची क्वालिटी यात अडकतो आणि खरी गोष्ट बघायची राहून जाते. हे अ‍ॅप कोणाला आत घेतं आणि कोणाला माझ्यासमोर आणून बसवतं, तिथेच सगळं ठरतं. आणि हो, ओमेगल या नावाने किंवा त्याच्या लोगोशी मिळतंजुळतं काही आज दिसलं तर ते कोणा तिसऱ्याचंच आहे हे लक्षात ठेवा. दुसऱ्याच्या नावावर गर्दी जमवणाऱ्याच्या हातात आपला कॅमेरा कशाला द्यायचा.

इन्स्टॉल करायच्या आधी स्टोअरच्या पानावर पंधरा मिनिटं

अ‍ॅप घ्यायचं ते प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरवरूनच. एपीके (स्टोअरबाहेरून टाकायची) फाईल डाउनलोड करा, सेटिंगमध्ये जाऊन अनोळखी सोर्सला परवानगी द्या वगैरे कोणी सांगत असेल तर तिथेच थांबा. स्टोअरमधून काढून टाकलेली अ‍ॅप्स पुष्कळदा अशाच वाटेने परत येतात, आणि ज्या अ‍ॅपला कॅमेरा आणि माइक दोन्ही द्यायचे आहेत ते तरी अशा वाटेने घेऊ नये.

ॲपलच्या नियमांत, जिथे लोक स्वतःचा मजकूर किंवा व्हिडिओ टाकतात अशा अ‍ॅप्ससाठी चार गोष्टी बंधनकारक केल्या आहेत, आक्षेपार्ह गोष्टी गाळायची सोय, तक्रार करायची सोय आणि त्यावर वेळेत कारवाई, त्रास देणाऱ्याला ब्लॉक करायची सोय, आणि संपर्काचा पत्ता जाहीर केलेला असणं. याच नियमांनुसार अशी रँडम चॅटची अ‍ॅप्स आधी न कळवताही काढून टाकता येतात. म्हणजे हा प्रकार स्टोअरवाल्यांच्याच लेखी जोखमीचा आहे. मी या चार गोष्टींचीच चेकलिस्ट करून टाकली आहे, अँड्रॉइडच्या अ‍ॅपलाही तीच लावते.

मग डेव्हलपरच्या नावावर क्लिक करा. त्याची बाकीची अ‍ॅप्स दिसतात. एकच अ‍ॅप पाच नावांनी, पाच रंगांत टाकलेलं दिसलं तर सरळ मागे फिरा, कारण एक काढलं गेलं की दुसरं चालू ठेवायचं अशी ती तयारी असते. वेबसाइट आहे का, ती उघडते का, संपर्काचा ईमेल कंपनीच्या डोमेनचा आहे की फुकटचा जीमेल, हे बघायला दोन मिनिटं लागतात. शेवटचा अपडेट कधी आला तेही बघा, वर्षभर हात न लावलेलं अ‍ॅप असेल तर त्याच्या मॉडरेशनकडे, म्हणजे घाणेरडे प्रकार करणाऱ्यांना पकडून अडवण्याकडे, कोणी लक्ष देत असेल असं मला वाटत नाही.

रिव्ह्यू वाचताना सरासरी स्टारकडे बघू नका. सगळ्यात नवीन असा क्रम लावा आणि एक-दोन स्टारवाले वाचा. अ‍ॅप हँग होतं, मॅच, म्हणजे बोलायला समोरचा माणूस, लवकर मिळत नाही, असल्या तक्रारी मी सोडून देते. पैसे कापले, कॅन्सल होत नाही, तीच तीच बाई प्रत्येक वेळी समोर येते, रिपोर्ट केलं तर मीच बॅन झालो, या चारांपैकी एकही तक्रार वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या दिवशी केलेली दिसली की ते अ‍ॅप माझ्या यादीतून गेलं.

राहिलं डेटाचं. अ‍ॅप स्टोअरवर डिसेंबर २०२० पासून प्रत्येक अ‍ॅपखाली प्रायव्हसीची माहिती असते आणि प्ले स्टोअरवर २०२२ पासून डेटा सेफ्टीचा भाग असतो. दोन्हीकडे ही माहिती डेव्हलपर स्वतःच भरतो, त्यामुळे ती प्रायव्हसी पॉलिसीशी ताडून बघायची. पॉलिसी अख्खी वाचायची गरज नाही, उघडून रेकॉर्ड, स्क्रीनशॉट, मॉडरेशन आणि थर्ड पार्टी हे शब्द सर्च करा. बरीच अ‍ॅप्स मॉडरेशनसाठी कॉलमधले स्क्रीनशॉट घेतात आणि ते चूक नाही, उलट मला ते बरंच वाटतं, फक्त ते किती दिवस ठेवतात आणि कोणाला दाखवतात हे लिहिलेलं असायला हवं. एका अ‍ॅपच्या डेटा सेफ्टीत काहीच गोळा करत नाही असं होतं आणि पॉलिसीत स्क्रीनशॉट, लोकेशन, डिव्हाइसचा नंबर सगळं होतं. ते मी इन्स्टॉल केलंच नाही.

लॉगिन आणि परमिशन

लॉगिनला फोन नंबर शक्यतो देऊ नका. नंबर एकदा गेला की तो बदलणं फार कठीण, शिवाय त्यावरून तुमची बाकीची अकाउंट्स शोधता येतात. वेगळा ईमेल काढा, या एकाच कामासाठी, त्यात तुमचं खरं नाव किंवा जन्मसाल नको. आयफोनवर साइन इन विथ ॲपल असेल तर हाइड माय ईमेल वापरा, अ‍ॅपला एक वेगळाच पत्ता मिळतो आणि नको झालं की तो बंद करता येतो. फेसबुकने लॉगिन मात्र अजिबात नको, आणि प्रोफाइल फोटोही दुसरीकडे कुठे न वापरलेला टाका, कारण फोटोवरून उलट सर्च करून माणूस शोधणं आता कोणालाही जमतं.

अँड्रॉइड ११ पासून परमिशन देताना फक्त या वेळी असा पर्याय येतो, आयफोनवर लोकेशनसाठी तो असतो. कॅमेरा आणि माइकला अँड्रॉइडवर तोच द्यायचा, दर वेळी विचारेल, विचारू दे, तेवढाच एक क्षण आपण भानावर येतो. कॉन्टॅक्ट मागितले तर नाही म्हणायचं, अनोळखी लोकांशी बोलायच्या अ‍ॅपला आपल्या ओळखीच्यांची यादी कशासाठी लागते याचं पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. लोकेशन मागितलं तर अंदाजे लोकेशन द्या, अँड्रॉइड १२ आणि आयओएस १४ पासून अचूक लोकेशन बंद ठेवता येतं. फोटो गॅलरी द्यावीच लागली तर निवडलेले फोटो एवढंच. आणि परमिशन नाकारली म्हणून जे अ‍ॅप उघडायलाच नकार देतं, म्हणजे कॉन्टॅक्ट नाही तर चॅट नाही म्हणतं, त्याच्याशी वाद घालत बसू नका, अनइन्स्टॉल करा.

दोन-तीन दिवस वापरून झालं की अजून एक तपासणी करायची, ही फार कमी लोक करतात. अँड्रॉइड १२ पासून सेटिंगमध्ये प्रायव्हसी डॅशबोर्ड असतो, आयफोनवर अ‍ॅप प्रायव्हसी रिपोर्ट चालू करता येतो. कुठल्या अ‍ॅपने कॅमेरा, माइक, लोकेशन किती वाजता वापरलं ते तिथे दिसतं. तुम्ही झोपला होता त्या वेळेसमोर या अ‍ॅपचं नाव दिसलं तर पुढे काय करायचं ते सांगायला नको. एरवीही स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या हिरव्या ठिपक्यावर नजर ठेवा, कॅमेरा चालू असल्याची ती खूण आहे.

भिंतीची टेस्ट

ही माझी स्वतःची पद्धत आहे आणि अ‍ॅप ठेवायचं की काढायचं हे मी खरं तर इथेच ठरवते. फोन भिंतीकडे तोंड करून ठेवते, मागे काहीही नाही, नुसती कोरी भिंत, माइक बंद, आणि मग अ‍ॅप उघडते. बोलायला कोणी मिळावं हा इथे हेतूच नाही, बटणं कुठे आहेत आणि ती दाबल्यावर काय होतं एवढंच बघायचं. काही अ‍ॅप्समध्ये चेहरा दिसला नाही तर तात्पुरतं बॅन करतात, म्हणून नियम आधी वाचा आणि टेस्ट पाच-सात मिनिटांत उरका, समोरच्यांनाही उगाच ताटकळत ठेवू नका.

पहिलं बघायचं, उघडल्या उघडल्या थेट कॉल लागतो का. चांगल्या अ‍ॅपमध्ये आधी स्वतःचा चेहरा दिसणारी स्क्रीन येते, सुरू करा असं बटण असतं आणि ते दाबल्यावरच मॅच सुरू होतं. वाईट अ‍ॅपमध्ये तुम्ही अजून फोन सरळ करताय तोवर समोर माणूस हजर. पहिले काही सेकंद समोरचा व्हिडिओ धूसर ठेवून मग उघडायची सोय असेल तर ते अ‍ॅप एक पायरी वर, कारण या अ‍ॅप्समध्ये जो घाणेरडा प्रकार होतो तो बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन सेकंदांतच होतो आणि तेवढ्यात तुम्ही नेक्स्ट दाबलं तरी दिसायचं ते दिसून गेलेलं असतं.

दुसरं म्हणजे रिपोर्ट. किती टॅपमध्ये होतो ते मोजा. मी एक अ‍ॅप वापरत होते, त्यात रिपोर्टचं बटण तीन ठिपक्यांच्या आत होतं, तीन ठिपके दाबले की खालून लिस्ट वर यायची, त्यात कारण निवडायचं, मग पुन्हा खात्री आहे का असं विचारायचं. एकदा एका माणसाने कॅमेऱ्यासमोर नको ते चालू केलं, मी ठिपके दाबले, लिस्ट वर आली, मी कारण शोधतेय तेवढ्यात तो नेक्स्ट करून निघून गेला आणि तो गेला तशी ती लिस्टही गेली. माझ्यासमोर दुसराच एक हसरा मुलगा हात हलवत होता आणि माझं बोट अजून त्या लिस्टच्या जागेवर. त्या क्षणी रिपोर्ट केला असता तर तो या बिचाऱ्या मुलावर गेला असता. पहिल्याचं नाव नाही, मागच्या कॉल्सची यादी नाही, काहीच नाही, आणि तो माणूस पुढच्या कोणासमोर बसला असेल या विचाराने मला त्या रात्री खरंच झोप लागली नाही. तेव्हापासून दोन गोष्टी मी पक्क्या बघते, रिपोर्ट थेट स्क्रीनवर असला पाहिजे आणि कॉल संपल्यावरही हिस्टरीतून करता आला पाहिजे.

तिसरं, नेक्स्ट आणि बंद करा ही वेगवेगळी बटणं आहेत का. पुष्कळ अ‍ॅप्समध्ये बाजूला स्वाईप केलं की लगेच पुढचा माणूस येतो, म्हणजे एकातून सुटलात की दुसऱ्यात. घाबरलेल्या माणसाला पुढचा चेहरा नको असतो, थांबायचं असतं. थांबायचं बटण कुठे आहे ते भिंतीसमोर असतानाच हाताला सवय करून घ्या. आणि बॅक बटण दाबून किंवा होम स्क्रीनवर जाऊन कॅमेरा खरंच बंद होतो का तेही बघा, तो हिरवा ठिपका जायला हवा.

वयाची तपासणी कशी होते हेही याच वेळी कळतं. नुसती जन्मतारीख विचारून आत सोडत असतील तर ती तपासणी म्हणायची नाही, कोणतंही पोर साल बदलून आत येईल. सेल्फी व्हिडिओवरून वयाचा अंदाज घेणारी अ‍ॅप्स आहेत, तिथे आपला चेहरा द्यावा लागतो हे खरं, पण तो तपासून लगेच डिलीट करतो असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर मी ते पसंत करते. सरकारी ओळखपत्राचा फोटो मात्र चॅटच्या अ‍ॅपवर थेट अपलोड करायला माझा हात धजावत नाही.

आयपी अ‍ॅड्रेस आणि नेटचं थोडक्यात

ब्राउझर आणि अ‍ॅप्समधले बरेचसे व्हिडिओ कॉल वेबआरटीसी नावाच्या तंत्रावर चालतात, गूगलने ते २०११ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. यात शक्य असेल तिथे दोन फोन एकमेकांशी थेट जोडले जातात, मधे सर्व्हर येत नाही, म्हणून आवाज-चित्र लवकर पोचतं. पण थेट जोडलं जाणं म्हणजे तुमच्या फोनला समोरच्याचा नेटवरचा पत्ता, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस कळणं आणि त्याला तुमचा. आयपीवरून घराचा पत्ता निघत नाही, साधारण भाग आणि नेट कंपनी कळते, तरीही समोरचा तू अमुक शहरात आहेस ना असं म्हणाला की अंगावर काटा येतो आणि लोक घाबरून तो सांगेल ते ऐकायला लागतात. म्हणून आधीच माहीत असू द्या, हे त्याला तांत्रिक मार्गाने कळलेलं असतं, त्याने तुम्हाला बघितलेलं नसतं. कॉल आपल्या सर्व्हरमार्फत नेतो असं अ‍ॅपने लिहिलं असेल तर चांगलं. नसेल तर भरवशाचा व्हीपीएन, म्हणजे आपला आयपी झाकणारी सोय, लावा, फुकटचा कुठलाही नको.

डेटाचा हिशोब सोपा आहे. साध्या क्वालिटीच्या व्हिडिओला सेकंदाला एक मेगाबिट धरलं तर तासाला एका दिशेने ४५० एमबी, येणारं आणि जाणारं मिळून ९०० एमबी. वायफायवरच वापरा. फोन गरम होणारच, कॅमेरा, स्क्रीन आणि नेट तिन्ही एकदम चालू असतात.

पैसे

ही अ‍ॅप्स फुकट दिसतात, पण बहुतेकांचा धंदा दोन ठिकाणी असतो, मुलगा-मुलगी किंवा देश निवडायचा फिल्टर, आणि मिनिटावर कापले जाणारे कॉइन, जे आधी पैसे देऊन विकत घ्यायचे. या धंद्यात मोठा पैसा आहे, अझर बनवणारी दक्षिण कोरियाची हायपरकनेक्ट कंपनी २०२१ मध्ये टिंडरवाल्या मॅच ग्रुपने १.७३ अब्ज डॉलरला घेतली, यावरून अंदाज येईल.

मिनिटावर कॉइन कापणाऱ्या अ‍ॅप्सपासून मी लांबच राहते आणि तुम्हीही राहा असं कळकळीने सांगेन. तिथे समोर येणारी व्यक्ती पुष्कळदा रँडम नसतेच, तिला तुमच्या मिनिटांवर कमिशन मिळत असतं. ओळखायची खूण म्हणजे नुकतंच इन्स्टॉल केल्यावर, प्रोफाइलमध्ये काहीही नसताना, लागोपाठ तीन-चार कॉल तुम्हाला येतात, कोणीतरी बोलावतंय, उचललं तर वीस सेकंदात कट आणि स्क्रीनवर रिचार्ज करा. एकटा पडलेला माणूस इथे किती पैसे घालवून बसतो याला हिशोब नाही, आणि बोलावंसं वाटणं यात त्याची काही चूक नसते, म्हणून मला या प्रकाराची फार चीड आहे.

सबस्क्रिप्शन घ्यायचंच असेल तर आठवड्याचं घेऊ नका. आठवड्याची रक्कम छोटी दिसते पण चार-सव्वाचार पट केली की महिन्याचा आकडा कळतो आणि तो जवळपास नेहमी मोठा निघतो. फ्री ट्रायल घेतली त्याच दिवशी कॅन्सल करून टाका, बहुतेक वेळा ट्रायल संपेपर्यंत ती चालू राहते. आयफोनवर ट्रायल संपायच्या किमान २४ तास आधी कॅन्सल करायला लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अ‍ॅप अनइन्स्टॉल केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही, पैसे जातच राहतात. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टॅप करून पेमेंट आणि सबस्क्रिप्शनमध्ये जायचं, आयफोनवर सेटिंगमध्ये वर आपलं नाव, त्यात सबस्क्रिप्शन. अ‍ॅपच्या आत कार्डचा नंबर मागत असतील, स्टोअरला वळसा घालून, तर देऊ नका, मग कॅन्सल करायचं हे दार तुमच्या हातात राहत नाही.

पहिल्या खऱ्या कॉलच्या आधी खोलीकडे बघा

फोनचा फ्रंट कॅमेरा उघडून स्वतःचा एक फोटो काढा आणि झूम करून मागचं सगळं नीट बघा. मला वाटायचं माझ्या मागे काही नाही, एक दार आणि त्यावरचा हूक. एकदा बोलता बोलता समोरच्या मुलीने विचारलं, ते लाल पट्ट्याचं कार्ड तुझ्या ऑफिसचं का, आणि कंपनीचं नाव वाचून दाखवलं. ती अगदी साधी, गोड मुलगी होती, कुतूहलाने विचारलं तिने, पण मी उरलेला कॉल दाराला पाठ टेकवून काढला. खिडकी, आरसा, काचेचं कपाट, युनिफॉर्म, पार्सलच्या बॉक्सवरचं लेबल, घरच्यांचे फोटो, हे सगळं काढा किंवा जागा बदला. हेडफोन लावा, नाहीतर घरातल्यांची हाक आणि त्यात तुमचं नाव समोर जातं.

आणि समोर जे दिसतंय ते लाइव्हच आहे असं धरून चालू नका. कॉम्प्युटरवर व्हर्च्युअल कॅमेरा लावून आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ चालवणं फार सोपं आहे. संशय आला तर सांगा, डाव्या हाताची तीन बोटं दाखव, नाहीतर चेहऱ्यासमोरून हात फिरव. रेकॉर्डिंग असेल तर जमणार नाही, चेहरा बदलणारं सॉफ्टवेअर असेल तर हात मधे आल्यावर कडा बऱ्याचदा फाटतात. माइक खराब आहे, टाइप करूया, आणि लगेच दुसऱ्या अ‍ॅपवर ये, इन्स्टाग्राम दे, या तीन गोष्टी लागोपाठ आल्या तर कॉल संपवा.

कारण ब्लॅकमेलचा सगळा खेळ याच क्रमाने चालतो. आधी खोटा व्हिडिओ, मग तुम्हाला कपडे काढायला लावणं, ते रेकॉर्ड करणं, आणि तुमचं इन्स्टाग्राम हातात आलेलं असतं म्हणून तुमच्या फॉलोअर्सची यादी दाखवून पैसे मागणं. अ‍ॅप स्क्रीनशॉट अडवतं असं लिहिलेलं असलं तरी दुसऱ्या फोनने स्क्रीनचं शूटिंग करायला कोण अडवणार. जे जगाने बघू नये असं वाटतं ते या कॅमेऱ्यासमोर नको, समोरची व्यक्ती कितीही आवडली तरी.

आणि तरीही कोणी अडकलंच तर मेहेरबानी करून एकटं राहू नका. पैसे देऊ नका, दिले की मागणी वाढत जाते. उत्तर देणं थांबवा, पण चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट घ्या, त्याचं युजरनेम, पैसे मागितलेला नंबर किंवा खातं सगळं जपून ठेवा, अ‍ॅपवर आणि इन्स्टाग्रामवर रिपोर्ट करा, तुमच्याकडच्या सायबर पोलिसांकडे तक्रार द्या. स्टॉपएनसीआयआय नावाची एक मोफत सेवा २०२१ पासून आहे, त्यात तुमचा फोटो किंवा व्हिडिओ तुमच्या फोनबाहेर जात नाही, फोनवरच त्याचा एक कोड तयार होतो आणि फेसबुक, इन्स्टाग्रामसारखे प्लॅटफॉर्म त्या कोडवरून तो ओळखून अडवतात. फोटो किंवा व्हिडिओ काढला त्या वेळी वय अठराच्या आत असेल तर टेक इट डाउन ही तशीच सेवा आहे. आणि घरातल्या किंवा जवळच्या एका माणसाला लगेच सांगा, सांगितल्यावर त्या धमकीतला अर्धा जोर तिथेच जातो. लाज वाटायची तर ती ब्लॅकमेल करणाऱ्याला वाटावी.

आठवड्याने ठरवा

एका वेळी दोनच अ‍ॅप्स ठेवा, आठवडाभर, रोज पंधरा-वीस मिनिटं, आणि शक्यतो एकाच वेळेला, कारण रात्री उशिरा आणि संध्याकाळी त्याच अ‍ॅपवर अगदी वेगळी गर्दी असते. दर दहा मॅचमध्ये किती जणांशी दोन वाक्यं तरी झाली आणि किती वेळा रिपोर्ट करावा लागला एवढं कागदावर लिहा. आवडीनिवडीवरून जोडणारं किंवा आधी टाइप करून मग दोघांच्या मर्जीने व्हिडिओ चालू करणारं अ‍ॅप असेल तर मॅच कमी मिळतात पण बोलणं जास्त होतं, सरावासाठी मला तेच बरं पडलं. तुम्ही केलेल्या रिपोर्टवर काही उत्तर आलं का तेही बघा, नुसता धन्यवादचा मेसेज असला तरी चालेल, मात्र तोच माणूस दोन दिवसांनी परत समोर आला तर त्या रिपोर्टचं काय झालं ते कळलंच.

जे अ‍ॅप ठेवायचं नाही त्याचं अकाउंट डिलीट करूनच ते काढा. ॲपलने ३० जून २०२२ पासून अकाउंट उघडता येणाऱ्या अ‍ॅप्सना आतूनच डिलीटची सोय देणं सक्तीचं केलंय आणि प्ले स्टोअरवरही तसाच नियम आहे. आधी सबस्क्रिप्शन तपासा, मग अ‍ॅपमध्ये जाऊन डिलीट अकाउंट, मग फोनच्या गूगल किंवा ॲपल अकाउंटमध्ये जाऊन त्या अ‍ॅपचं लॉगिन कनेक्शन काढा, आणि शेवटी अनइन्स्टॉल. लॉगआउट आणि डिअ‍ॅक्टिव्हेट म्हणजे डिलीट नव्हे, तुमचा फोटो तिथेच राहतो. डिलीटचं बटण सापडतच नसेल तर प्रायव्हसी पॉलिसीत दिलेल्या पत्त्यावर माझं अकाउंट आणि सगळा डेटा काढा असा दोन ओळींचा ईमेल टाका, ज्या ईमेलने लॉगिन केलं होतं त्यावरूनच, आणि उत्तर येईपर्यंत तो ईमेल बंद करू नका.